लग्नातल्या राखाडी चादरी

लग्नघरात फुलवाल्याकडे कोणी नीट बघत नाही. आचाऱ्याला ओळखतात, भटजींना ओळखतात, बँडवाल्यांशी तर पोरं दोस्ती करतात. फुलवाला उजाडताना येतो, तोरणं-माळा लावतो आणि मंडळी नटूनथटून यायच्या आत मागच्या दाराने निघून जातो. पालघरच्या बाजारात बसून मी पस्तीसेक वर्षं लग्नांची फुलं केली. माझे हार गळ्यात घालून उभे राहिलेले नवरदेव आता नातवंडांचे हात धरून समोरून जातात आणि ओळखही देत नाहीत. त्याची तक्रार नाही. माझी पंचाईत उलटी आहे. एका लग्नासाठी लोकांनी मला ओळखलं, वाखाणलं, आणि ते नेमकं काय वाखाणत होते ते मला तेव्हाही कळलं नाही. आज लिहायला बसलोय तरी पुरतं कळलंय असं म्हणवत नाही.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो. गोष्ट साठ सालानंतरची. आमच्याकडे तेव्हा गिऱ्हाईक फूल नावानं मागायचं, रंगानं नाही. दोन मोठे हार, मुंडावळ्या, बोहल्याला माळा, दाराला तोरण, बायकांना वेण्या, एवढी यादी सांगितली की काम ठरलं. हिवाळ्यात शेवंती, उन्हाळ्यात मोगरा, झेंडू आणि अबोली जवळजवळ बारा महिने. फुलं वसईकडून सकाळच्या गाडीने यायची, थोडी वाणगावच्या वाड्यांमधून. बांधायला केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोरा. तो भिजवून ओला असतानाच वापरायचा. सुकला की तुटतो, आणि जास्त ओढला की फुलाचा देठ कापतो. हे डोळ्यांपेक्षा बोटांना कळावं लागतं, आणि माझ्या बोटांना ते कळायचं, हे मी बढाई मारून सांगतो. हार मी गुंफायचो, कमानी मी बांधायचो. माझी बायको इंदू फुलं निवडून टोपल्या लावून द्यायची. या टोपलीतलं चार वेळा, मग त्या टोपलीतलं दोन वेळा, असं ती सांगायची आणि मी तसं करायचो. मला वाटायचं, हिला हुकूम सोडायची हौस आहे, सोडू दे.

त्या काळी लग्नात रंग जितके जास्त तितकं चांगलं. घिवलीला एका तांडेलाच्या, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याच्या, घरी लग्न होतं. तो मला म्हणाला, "दामूभाव, कमान अशी कर का दर्यातनं दिसली पायजे." मला वाटलं, ही बोलायची पद्धत. कमान उभी केली तर हा गडी खरोखरच होडी घालून आत गेला, तिथून बघून आला आणि गुडघ्यापर्यंत भिजलेल्या कपड्यांनी माझ्यासमोर उभा राहिला.

"दिसते," तो म्हणाला. "पन बारीक दिसते. अजून जाड कर."

मग टोपलीत होती नव्हती ती सगळी फुलं लावली. झेंडू, शेवंती, लाल गुलाब, अशोकाची पानं, कमी पडलं तिथे पताकांचा कागद. त्याला पुन्हा होडी काढायची होती, पण बायकांनी जाऊ दिलं नाही. असं काम मला आवडायचं, कारण त्यात चुकायला जागाच नव्हती.

मग तारापूरला विजेच्या कारखान्याचं मोठं काम निघालं. अणूची वीज म्हणायचे. म्हणजे काय ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, पण माणसं आली. बोईसर स्टेशनवर हिंदी ऐकू यायला लागलं, सालवडला कामगारांच्या खोल्या उठल्या आणि साहेबलोकांची वसाहत झाली. तिथे नागपूरचे, बंगालचे, मद्रासचे इंजिनियर होते आणि काही गोरेही होते. त्यांच्या घरांमधून खुर्च्या-टेबलं होती आणि माणसं त्यावर बसून जेवायची. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

एका इंजिनियर साहेबांच्या पत्नीनं मला बोलावलं. कमलबाई. मूळच्या नागपूरच्या, बोलायला गोड, पण मनात काहीतरी सारखं कुरतडत असल्यासारख्या. त्यांच्या मुलीचं, वीणाचं, माघात लग्न होतं. सकाळी लग्न लागणार आणि संध्याकाळी वसाहतीच्या सभागृहात स्वागत समारंभ. पंगत नाही. बारा टेबलं, त्यावर चादरी, प्रत्येक टेबलावर फुलं.

"टेबलावर? जेवणाशेजारी?" मी विचारलं. माझ्या डोक्यात फुलं देवाला, केसांत, गळ्यात आणि दारावर. ताटाजवळ रांगोळी असते, फुलं कशी असतील? "भाजीत पाकळी पडली तर?"

"खायची नाहीत हो, बघायची आहेत," त्या हसून म्हणाल्या.

मी दुसऱ्या दिवशी नमुना करून नेला. दीड हात उंच गुच्छ. बाईंनी तो टेबलावर ठेवला, पलीकडे जाऊन बसल्या आणि एका बाजूनं डोकं काढून माझ्याकडे बघितलं. "दामूभाऊ, तुम्ही मला दिसताय का?" मग समजावलं की फुलं ठेंगणी हवीत, समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. हे मला पटलं. आजही टेबलावरचा गुच्छ मी वीतभराच्या वर जाऊ देत नाही.

मग त्यांनी वीणाच्या साडीच्या ब्लाउजपीसमधली बोटभर पट्टी कापून माझ्या हातात दिली. "सगळं या गुलाबी रंगाशी जुळलं पाहिजे. चादरी याच रंगाच्या. फुलं याच्याच घराण्यातली, फिकी चालतील, गडद चालतील, पण घराण्याबाहेरचा रंग एकही नको. याला कलर स्कीम म्हणतात."

रंगांना घराणी असतात हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मान डोलावली. दारापर्यंत सोडायला आल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "वीणाचं एकदा ठरून मोडलं आहे. साखरपुड्यानंतर. ही मंडळी पुण्याची, भारी चौकस. यावेळी कुठे काही खुपायला नको, एवढं बघा."

"बाई, काळजी सोडा," मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो, ते चांगलं आठवतं. पट्टी त्याच खिशात होती.

फुलांची अडचण नव्हती. गुलाबी गुलाब आणि गुलाबी अ‍ॅस्टर, असं वसईला नावानं सांगून आलो. चादरी मात्र नावानं मिळणार नव्हत्या, पट्टी लावून हुबेहूब तोच गुलाबी काढायचा होता. इंदू तेव्हा बहिणीच्या बाळंतपणासाठी वाणगावला माहेरी गेली होती. मी एकटाच नानाशेठच्या दुकानात गेलो.

नानाशेठचं कापडाचं दुकान माझ्या दुकानासमोरच होतं. साठीचा माणूस, पण गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याच्या अंगावरच्या कपड्याचा रंग बघून त्याला कुठलं कापड शोभेल ते सांगायचा. आसपासच्या गावांत त्याच्या नजरेवर बायकांचा विश्वास होता. कोणी धाग्याचं टोक आणून दिलं तरी जुळणारं अस्तर बरोबर काढायचा. त्या दिवशी त्याच्याकडे दोन बायका खणाचे भाव करत बसल्या होत्या, म्हणून मी म्हटलं, शेठ, मी बघतो. फळीवरचे ताके खाली काढले, पट्टी लावून लावून पाहिली आणि एक निवडला. पट्टी त्यावर ठेवली तर दिसेनाशीच झाली. एवढं जुळलेलं कापड मिळाल्याचा मला फार आनंद झाला.

नानाशेठनं ताका बघितला, माझ्याकडे बघितलं.

"दामू, हे लग्नाला?"

"हो. साहेबलोकांचं लग्न हाय. त्यांची स्कीम असते."

"टेबलाला?"

"टेबलाला."

"काय एकेक फॅशन निघते," नानाशेठ म्हणाला आणि कापड मोजायला घेतलं.

बोईसरच्या शिंप्यानंही विचारलं, "भैया, शादी का है ना?" त्यालाही मी तेच सांगितलं. वसाहतीतलं सगळंच आम्हाला चमत्कारिक वाटायचं, त्यामुळे कोणीही काहीही सांगितलं तरी खपत होतं. चादरी शिवून गठ्ठा बांधून आला, तो मी सोडलाही नाही. लग्नाच्या दिवशी दुपारी सभागृहातच सोडला.

सकाळचं लग्न छान लागलं होतं. इंदू वाणगावहून परस्पर बोईसर स्टेशनवर येऊन वसईच्या फुलांच्या पाट्या उतरवून आणणार होती. मी एकेक चादर झटकून टेबलावर टाकत होतो आणि सहाव्या टेबलापाशी आलो तेव्हा कमलबाई आणि मुलीची आत्या दारात उभ्या होत्या.  आत्याच आधी बोलल्या.

"अहो, हे काय? लग्नात राखेच्या रंगाच्या चादरी? कोणाच्या तेराव्याला आलोय का आपण?"

मला वाटलं, त्या टेबलांकडे बघून बोलत नसतील. मी मागे वळून बघितलं. मागे दुसरं काही नव्हतं. मग मी जे केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. खिशातली पट्टी काढली आणि चादरीवर ठेवून त्यांना दाखवली. पुरावा म्हणून.

"बघा की. हाच तर रंग."

 कमलबाई पट्टीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघायला लागल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गोंधळ होता. ही थट्टा आहे का, मी प्यालोय का, असं काहीतरी त्या ठरवत होत्या. आणि तेव्हा मला लहानपणापासूनच्या दहा गोष्टी एकदम आठवल्या. पिकलेल्या मिरच्या तोडायला पाठवलं की मी अर्ध्या कच्च्या आणायचो आणि बाबा म्हणायचे, लक्ष नाही पोराचं. स्टेशनमास्तर हिरवं निशाण दाखवतो की लाल, हे मी त्याच्या हाताच्या हलण्यावरून ओळखायचो, आणि मला वाटायचं सगळे तसंच ओळखतात. झेंडू केशरी असतो हे मला माहीत होतं, पण बोईसरनंतर वाणगाव येतं हे माहीत असतं तसं. रंग म्हणजे पाठ करायची नावं आहेत, असाच माझा समज होता. ती नावं लोक बघून ठरवतात हे मला माहीतच नव्हतं.

"दामूभाऊ," कमलबाई म्हणाल्या, "हे कापड कसं आलं?"

खरं बोलायला एक क्षण होता. पण फुलवाल्याला रंग दिसत नाहीत, हे एकदा लोकांच्या तोंडी गेलं की त्याला हार कोण सांगणार? माझं सगळं घर त्या टोपल्यांवर चालत होतं.

"नानाशेठनं ताका बदलला," मी म्हणालो. "मी गुलाबीच काढून दिला होता. बांधताना दुसरा बांधला असणार. आताशा त्यांना नीट दिसत नाय."

शेवटचं वाक्य कुठून आलं मला ठाऊक नाही. कोणी विचारलंही नव्हतं. मागे वळलो तर डोक्यावर पाटी घेऊन इंदू उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती पुढे आली. पाटी उतरवली, चादरींवरून नजर फिरवली आणि कमलबाईंना विचारलं, "बाई, पावनी किती वाजता येतात?"

"सहाला."

"तुमच्याकडं गुलाबी लुगडी किती हायत?"

"लुगडी? साड्या? असतील चार-पाच."

"बाकीच्यांकडं पन असतील. मी मागून आनते. तुमी सोबत एखादी वळखीची बाई द्या."

आणि ती गेली. दोन तास ती वसाहतीत दारोदार फिरली. बंगाली बाईंनी दिली, मद्रासच्या बाईंनी जड रेशमी दिली, एका गोऱ्या बाईंनी काय मागतायत ते न कळताच पडदा काढून दिला. सालवडच्या खोल्यांमधूनही दोन आल्या, सुती. चाळीसभर साड्यांचा ढीग सभागृहात पडला. मी मदत करायला वाकलो आणि एक साडी उचलून ढिगात टाकली. इंदूनं ती काढून बाजूला ठेवली. दुसरी टाकली, तीही बाजूला.

"ह्या का नाय?" मी हळू आवाजात विचारलं.

"पोपटी हायत," ती त्याहून हळू म्हणाली. "मी निवडते. तुमी फिकी-गडद लावा."

तेवढं मला येतं. फिकं आणि गडद माझ्याइतकं कोणाला दिसत नाही, हे मी आजही म्हणेन. दारापासून सुरुवात केली, सगळ्यात गडद साडी पहिल्या टेबलावर, मग एकेक पायरी उतरत गेलो आणि सगळ्यात फिकी, जवळजवळ पांढरी म्हणावी अशी, नवरानवरीच्या समोरच्या टेबलावर. राखाडी चादरी खालीच ठेवल्या, साड्या घसरू नयेत म्हणून. कडेनं अ‍ॅस्टर, मध्ये ठेंगणे गुलाब. कमलबाईंना एकच चिंता उरली, की साड्या परक्यांच्या, डाग पडले तर? त्यांनी ऐन वेळी पदार्थ बदलले. रश्शाचं सगळं बंद, फक्त पेढे, चिवडा आणि केळ्याचे वेफर. आइस्क्रीम आलंच होतं, ते पुण्याच्या पाहुण्यांनी बाहेर मैदानात उभं राहून खाल्लं आणि त्यांना वाटलं, इथली हीच पद्धत.

सहा वाजता दार उघडलं आणि लोक दारातच थबकले. वीणाच्या सासूबाई पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत सावकाश चालत गेल्या, बोटानं साड्यांना स्पर्श करत, आणि शेवटाला पोचून त्यांनी सुनेला जवळ घेतलं. कमलबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कोणीतरी माझा हात हातात घेऊन म्हणालं, "दामूभाऊ, काय रंग साधलेत हो!" मी त्या सगळ्या टेबलांकडे बघत होतो. मला दारापाशी गडद दिसत होतं आणि पलीकडे फिकं. मघाशी ज्या चादरींना राख म्हणत होते त्या मध्येच एका कोपऱ्यात साडीखालून डोकावत होत्या. त्यात आणि साडीत मला काडीचा फरक दिसत नव्हता. लोक हसत होते, रडत होते, आणि मी सगळ्यांना नमस्कार करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सोपटं भिजवताना मी इंदूला विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"लगीन झालं त्याच म्हैन्यापासनं. मी ईटकरी लुगडं नेसले आनि तुमी म्हनलात, हिरवं शोभतं तुला. मला वाटलं, थट्टा करता. दोन वेळा म्हनलात तेवा समजलं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलून काय दिसाया लागलं असतं? टोपल्या लावून दिल्या का काम होत होतं." मग तिनं सोपट पिळून बाजूला ठेवलं. "डोळ्यांचं काय नाय हो. तो काय गुन्हा हाय? पन नानाशेठचं नाव का घेतलं?"

 मी म्हणालो, सांगेन त्याला. कधी, ते म्हणालो नाही.

त्या लग्नानं माझं नाव झालं. वसाहतीतून तीन कामं एकदम आली, डहाणूहून एक आलं. आणि त्याच वेळी वसाहतीतल्या बायका पालघरच्या बाजारात आल्या की नानाशेठच्या पायरीवरून पुढे जायला लागल्या. कोणी त्याला वाईट बोलत नव्हतं. उलट कळवळून बोलायचे, आणि तेच जास्त वाईट होतं. बिचारे म्हातारे झाले, राखाडीला गुलाबी म्हणून देतात. ते फिरत फिरत गावातल्या बायकांपर्यंत गेलं आणि शेवटी त्याच्या कानांवर पडलं. मी समोरच बसायचो, मला सगळं दिसायचं. नानाशेठ प्रत्येक ताका पायरीवर उन्हात आणून बघायला लागला. गिऱ्हाईकालाच विचारायचा, "हा निळाच ना हो?" धाग्यावरून अस्तर जुळवून द्यायचं त्यानं बंद केलं. ताका मीच पुढे केला होता, त्यानं फक्त कापड मोजून दिलं होतं, हे त्याला आठवत असणारच. पण पन्नास बायका एक गोष्ट सांगायला लागल्या की माणूस आपल्या आठवणीवर भरवसा ठेवत नाही. महिन्याभरात गादीवर त्याचा पुतण्या बसायला लागला आणि नानाशेठ मागच्या खोलीत.

मी रोज ठरवायचो, आज जाऊ. रोज गिऱ्हाईक यायचं, किंवा पुतण्या असायचा, किंवा काहीच नसायचं आणि तरी पाय उठायचे नाहीत. शेवटी इंदूनंच गाठलं. वसाहतीतल्या दुसऱ्या लग्नाची फुलं आली होती, चार पाट्या. ती हात बांधून बसली.

"त्या मानसाला सांगून या. तवर मी फुलाला हात लावनार नाय."

"अगं, सांगितलं तर काम जाईल."

"मग माज्याबिगर करा."

मी पाट्यांकडे बघितलं. खरं सांगतो, मला त्या चारही सारख्या दिसत होत्या.

कमलबाईंना मी त्यानंतर चार दिवसांनी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या कामाला इंदूबाईंनाही बोलवायचं, असंच ना?" तेवढंच. ज्या कामासाठी मी इतका घाबरलो होतो ते काम असं एका वाक्यात टिकलं. पण नानाशेठची पायरी चढताना मला हे माहीत नव्हतं. मी धंदा सोडायची तयारी करूनच चढलो.

भर दुपार होती, बाजार थंड होता. पुतण्या गादीवर पेंगत होता. मागच्या खोलीत नानाशेठ भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यांवर गुलाबपाण्याच्या घड्या. माझा आवाज ऐकून त्यानं त्या काढल्या.

"ये दामू. बस. डहाणूच्या डॉक्टरानं चष्मा दिला हाय. अक्षरं दिसतात. पन आता माझा माझ्यावर भरवसा नाय राहिला बघ."

मी बसलो नाही. उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोलून उठलो असतो.

"शेठ, ताका तुमी बदलला नव्हता. मीच तो काढला होता. मला रंग कळत नायत. लहानपणापासून. लाल, हिरवा, गुलाबी, राखाडी, सगळं एकच. त्या दिवशी घाबरून मी तुमचं नाव घेतलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हात उगारेल. उगारला असता तर मला बरं वाटलं असतं. पुतण्या दारात येऊन उभा राहिला होता.

"म्हणजे," नानाशेठ अगदी हळू म्हणाला, "माझे डोळे चांगले हायत?"

"चांगले हायत, शेठ."

"आधीपासनं?"

"आधीपासनं."

तो भिंतीला हात लावून उठला. पुतण्याला बाजूला सारून दुकानात गेला आणि फळीवरचा पहिला ताका ओढून काढला. सर्रकन उलगडला. "अंजिरी," तो म्हणाला. दुसरा काढला. "मोरपंखी." तिसरा, चौथा. "शेंदरी. आमसुली. हा चिंतामणी." त्याचा आवाज चढत चालला, ताक्यांवर ताके पडत होते, पुतण्या "काका, काका" करत होता. नानाशेठच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्याला शुद्ध नव्हती. महिनाभर जी नावं घ्यायला तो घाबरत होता ती तो आता ओरडून घेत होता. मग एक ताका त्यानं दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला.

"आणि हा डाळिंबी," नानाशेठ म्हणाला, आणि जन्मभराच्या सवयीनं समोरच्या गिऱ्हाइकाला विचारतात तसं त्यानं मला विचारलं, "बरोबर ना, दामू?"